तातडीचं पाकीट

९ फेब्रुवारी

ठकू,

तुझं तीन ओळींचं पत्र मला काल मिळालं. ते तू ऑक्टोबरात लिहिलं होतंस. "आई मंगळवारी पहाटे गेली. पुढचं सगळं मी केलं. कळवायचं म्हणून कळवते." मधल्या चार महिन्यांत तू काय समजली असशील, ते माझ्या लक्षात येतंय. बापाला कळलं आणि तरी बाप आला नाही. तसं नाही गं. मला कालच कळलं.

इथला नियम मी निघताना सांगितला होता, पण तेव्हा तू माझ्याशी बोलत नव्हतीस, त्यामुळे तुझ्या कानावर गेला की नाही कोण जाणे. आश्रमात नव्या साधकाचं पहिलं वर्ष मौनाचं. बोलायचं नाही, पत्र लिहायचं नाही, आलेलं वाचायचं नाही. फोन इथे नाहीच. आलेली पत्रं कार्यालयातल्या ताई कपाटात ठेवतात आणि वर्ष पुरं झालं की दोऱ्याने बांधून हातात देतात. माझं वर्ष परवा पुरं झालं. काल सकाळी गठ्ठा मिळाला. दहा पत्रं. नऊ आईची, एक तुझं.

शेवटी आलेलं सगळ्यात वर होतं. म्हणून मी आधी वाचलं ते तुझं. मग आईची वाचायला घेतली. माणूस गेल्याचं वाचून झाल्यावर त्याच माणसाच्या अक्षरात "मागच्या खोलीच्या भिंतीला पुन्हा ओल आली" हे वाचायचं! खोलीत मी एकटाच होतो. चटईवर आलेलं ऊन समोरच्या भिंतीवर चढेपर्यंत वाचत होतो.

तिची पत्रं कशी असायची तुला ठाऊक आहे. "तुम्ही तिकडे श्वास कोंडून बसलाय आणि इथे समोरच्या शिंपीणबाई श्वास न घेता तासतासभर बोलतात. तुम्हा दोघांना एकदा एका खोलीत बसवायला हवं." आणखी एका पत्रात, "ठकू नोकरी सोडून दुकानात बसायला लागली. पहिल्या दिवशी चाकावर घासताना चष्म्याची तीन भिंगं फोडली. मला म्हणाली, बाबांना कळवू नकोस. म्हणून कळवते." हे वाचून मी हसलो. मग हसतोय हे लक्षात आलं.

पहिल्या आठ पत्रांत दुखण्याबद्दल अक्षर नाही. नववं छोटं आहे. त्याबद्दल पुढे कधीतरी लिहीन.

मी रडलो नाही. इतक्या वर्षांच्या साधनेचा तेवढा उपयोग झाला म्हणायचं. आज पहाटे तिच्यासाठी नेहमीपेक्षा दोन तास जास्त बसलो. मन जागचं हललं नाही. ते कुठेतरी तिला पोचलं असेल असं मला वाटतं. तूही फार मनाला लावून घेऊ नकोस. शरीर काय, जाणारच असतं. नियम सगळ्यांना सारखा. मी तरी काय करणार होतो?

आशीर्वाद.

बाबा


२ मार्च

ठकू,

तुझं उत्तर आलं. चष्म्याचा नंबर लिहायच्या चिठ्ठीवर लिहिलंयस, ते ओळखलं. ती चिठ्ठी मीच छापून घेतली होती.

"आईच्या पहिल्या तपासणीचा कागद सापडला. तारीख तुम्ही निघालात त्याच्या सहा दिवस आधीची आहे. तुम्हाला माहीत होतं की नव्हतं? हो किंवा नाही एवढंच लिहा."

बाळा, काही गोष्टी हो किंवा नाही इतक्या सोप्या नसतात. मी गेलो ते काही उठलो आणि सुटलो असं नव्हतं. तुला कधी सांगितलं नाही, आज सांगतो. मी चोवीस वर्षांचा होतो. दुकानाच्या मागच्या खोलीत एका म्हाताऱ्या बाईंचं भिंग शेवटचं घासत होतो. फार जाड भिंग होतं. हात इतका हलका चालला होता की चाकाचा आवाज ऐकू येईना. श्वास आपोआप थांबला. मी कोंडला नव्हता, तोच थांबला. मग भिंग नव्हतं, चाक नव्हतं, मीही नव्हतो. होतं ते फक्त स्वच्छ. किती वेळ गेला सांगता येणार नाही. बाहेर गिऱ्हाईक काउंटरवर नाणं आपटत होतं, त्याने मी परत आलो. आल्यावर इतकं वाईट वाटलं, की त्या गिऱ्हाइकाशी मी आयुष्यभर नीट बोललो नाही.

त्यानंतर तीस वर्षं मी पहाटे साडेचारला उठलो ते तिथे परत जाण्यासाठी. आसन, प्राणायाम, एक वेळचं जेवण, वाचन बंद, गप्पा बंद. तू लहानपणी दारात उभी राहून बघायचीस आणि आई तुला ओढून न्यायची. एवढं करून ते परत आलं नाही. कधी वाटायचं, उंबऱ्यापर्यंत पोचलोय. तेवढ्यात दूध उतू जायचं किंवा तू पडायचीस. तेव्हा आईनेच एकदा म्हटलं, की ठकूचं शिक्षण होऊ दे, मग तुम्ही खुशाल जा. अकरा वर्षं मी त्या शब्दावर काढली. माझे पांढरे कपडे तिनेच शिवले.

आई स्वतःच्या दुखण्याबद्दल बोलणारी नव्हती, हे तुलाही माहीत आहे. तेव्हा कुणाला काय नि किती माहीत होतं, याचा आता काथ्याकूट करून तुझ्या माझ्या हाती काय लागणार?

जेवत जा वेळेवर.

आशीर्वाद.

बाबा


११ मार्च

ठकू,

माझंच पत्र तू मला परत पाठवलंस. खाली लिहिलंयस, "उत्तर मिळालं नाही."

गेले आठ दिवस मला बसता येत नाहीये. पाठ ताठ, श्वास बरोबर, सगळं जागच्या जागी, आणि डोळे मिटले की समोर एक पाकीट येतं. त्याबद्दल मी पहिल्या पत्रात खोटं लिहिलं. नियम सगळ्यांना सारखा आहे, हे खरं. पण नियम मी लिहिला तसा नाही.

ऑगस्टात एका सकाळी मी अंगण झाडत होतो. कार्यालयातल्या ताई लगबगीने आल्या. हातात पाकीट. म्हणाल्या, "काका, यावर तातडीचे असं लिहिलंय. तातडीचं असलं तर मौनातही द्यायची मुभा आहे. गुरुजींनीच ठेवलीय. घ्या."

मी मानेनेच नको म्हटलं.

"बरं, मी वाचून दाखवू? तुम्ही नुसतं ऐका."

मौनात असलेल्याजवळ एक पाटी असते. मी झाडू भिंतीला लावला, पाटी घेतली आणि लिहिलं, "पुन्हा विचारू नका." त्यांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि गेल्या. म्हणूनच ऑक्टोबरात तुझं पत्र आलं तेव्हा त्यांनी विचारलं नाही. तसंच कपाटात ठेवलं.

पाकिटावर "तातडीचे" हे तुझं अक्षर होतं. ते मी लांबूनही ओळखलं होतं. ओळखून नको म्हटलं. आणि खरं सांगू? त्या सकाळी मला फार हलकं वाटलं. वाटलं, तुटलं एकदाचं. मी चिठ्ठी लिहून गुरुजींना कळवलं, की घरचं पत्र आलं आणि मी त्याला हातही लावला नाही. गुरुजींनी चिठ्ठी वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून मला भांडी घासायला बसवलं. मला वाटलं, ही पुढची पायरी.

काल त्यांच्याकडे गेलो. पूर्वी ते शाळेत गणित शिकवायचे. अजून समोर बसलं की फळ्यापुढे उभं केल्यासारखं होतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "पाकीट घेतलं असतंस तर काय झालं असतं?"

"व्रत मोडलं असतं."

"मग?"

ते माझ्या उत्तरासाठी थांबले नाहीत.

"मग पुन्हा पहिल्या दिवसापासून वर्ष मोजलं असतंस. एवढंच ना?" त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ते मोठ्याने बोलतात. बाहेर सगळ्यांना ऐकू गेलं असणार. "मुलं उत्तर बरोबर काढायची आणि रीत चुकवायची, तर मी अर्धे गुण द्यायचो. तुझी रीत सगळी बरोबर आहे रे. उत्तर तेवढं साफ चुकलंय."

"तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी म्हटलं.

ते म्हणाले, "ते माझं चुकलं. मला वाटलं, भांडी घासताना तुझं तुला कळेल." आणि चष्मा काढून डोळे पुसत बसले.

त्या पाकिटात आईचं नववं पत्र होतं. तू ते टपालपेटीत टाकलंस, पण वाचलं नसशील. तिने चिकटवून दिलं असेल. अक्षर उतरत उतरत कागदाच्या कोपऱ्यात गेलंय. जसंच्या तसं लिहितो.

"एकदा येऊन जा. राहू नका, तासभर पुरे. बोलायचं नसेल तर बोलू नका, नुसतं बसा. बसायची तर तुम्हाला सवय आहे. ठकू म्हणते मी जाऊन घेऊन येते. मी नको म्हटलं. ओढून आणलेला माणूस मला नको."

बाबा


२८ मार्च

ठकू,

हो. माहीत होतं.

पत्र इथेच संपवणार होतो. तू तेवढंच मागितलं होतंस. पण नुसतं हो लिहिलं तर त्यातही मी बरंच लपवून ठेवीन. माझा मला आता भरवसा नाही.

निघायला सहा दिवस होते. दुपारची वेळ. मी मागच्या खोलीत चाकावर होतो. आई बाहेरून आली, पिशवी टेबलावर ठेवली. चपला काढल्या नव्हत्या. म्हणाली, "डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. काखेखाली गाठ आहे म्हणाल्या. तुकडा काढून तपासायला पाठवलाय."

मी चाक बंद केलं नाही. पाय खाली चालूच होता. विचारलं, "दुखते का?"

"नाही."

"मग काही नसेल."

ती उभी राहिली. मी भिंग उजेडात धरून बघत होतो. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. मग ती म्हणाली, "तुम्ही जा. ठरलंय ना, मग जा. मी बघते इकडचं."

मला तेच ऐकायचं होतं. तिने आणखी एक वाक्य म्हटलं असतं तर मला थांबावं लागलं असतं, म्हणून मी लगेच "बरं" म्हटलं. ती पुढचं वाक्य म्हणायच्या आत म्हटलं. इतकी घाई मी कधी कशाची केली नव्हती.

त्या संध्याकाळी माझ्या साधनेच्या वहीत मी काय लिहिलं, ते तू बघितलंस तर तोंड बघणार नाहीस माझं. लिहिलं, "आज परीक्षा झाली. मन स्थिर राहिलं." तुझी आई माझी परीक्षा होती! निघायचं ठरलं की विघ्नं येतातच, असं मी स्वतःला सांगितलं. तपासणीचा निकाल मी निघालो त्याच्या दुसऱ्या दिवशी येणार होता. एक दिवस थांबणं अवघड नव्हतं. थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर कळलं असतं.

निघालो त्या सकाळी आई मला कोपऱ्यापर्यंत पोचवायला निघाली. तू तुझ्या खोलीतून बाहेर आली नाहीस. माझी पिशवी तिने घेतली होती. निम्म्या रस्त्यात तिने ती या हातातून त्या हातात घेतली. त्या बाजूला दुखत होतं. मी पाहिलं. मी काय केलं असेल? पिशवी तिच्याकडून घेतली आणि भराभर चालायला लागलो. ती मागे राहिली. कोपऱ्यावर वळून बघितलं तर शिंपीणबाईंच्या दुकानाच्या पायरीवर टेकली होती आणि मला हाताने "जा, जा" करत होती.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. गुरुजींनाही नाही.

मी हे सगळं देवासाठी केलं असं समजत होतो. आता वाटतं, मला एकदा जे मिळालं होतं ते परत हवं होतं, बस. हावच ती. पांढरे कपडे घातलेली.

आशीर्वाद लिहायला हात होत नाही.

बाबा


१७ एप्रिल

ठकू,

तू येशील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ताईंनी येऊन सांगितलं, "तुमची मुलगी फाटकाशी उभी आहे," तेव्हा मी हातातलं पातेलं तसंच घेऊन आलो. तू त्या पातेल्याकडे पाहिलंस. मला ते खाली ठेवायचंही सुचलं नाही.

तू बाकावर बसली नाहीस. तुझ्या नखांच्या कडा काळ्या झाल्यात. चाकावरची पूड ती, लिंबाने निघते. हे सांगावंसं वाटलं आणि सांगितलं नाही. तू म्हणालीस, "बारीक झालात." मी म्हटलं, "तूही." एवढा प्रवास करून आलेल्या मुलीला मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

मग तू म्हणालीस, "आई शेवटी तुमच्याबद्दल काय म्हणाली, ते विचारणार नाही का?"

मी म्हटलं, "मला तो अधिकार नाही."

हे मी फार नम्रपणे म्हटलं. मान खाली घालून. म्हणताना मला बरंही वाटलं, की आपण काहीच मागत नाही. तू म्हणालीस, "अजून तुमचं व्रत सुटलं नाही, बाबा." आणि गेलीस. मी हाक मारली नाही. तू वळणावर दिसेनाशी होईपर्यंत पातेलं धरून उभा होतो.

नंतर नळावर ते पातेलं घासायला बसलो आणि मला रडू फुटलं. साधंसुधं नाही, लहान पोरासारखं, आवाज काढून. स्वयंपाकघरातली माणसं बाहेर आली. कुणीतरी नळ बंद केला. गुरुजी आले, माझ्याशेजारी त्या ओल्या फरशीवर बसले. त्यांचे गुडघे दुखतात, खाली बसता येत नाही त्यांना. त्यांनी श्वासाकडे लक्ष दे म्हटलं नाही.

तुला मी अधिकार नाही म्हटलं. तेही खोटं होतं ठकू. अधिकार नाही हे खरं आहे, पण मी विचारलं नाही ते त्यासाठी नाही. मी भ्यालो. आणि भीतीला मी पुन्हा संयमाचे कपडे घातले. तीस वर्षांत मला तेवढं एक छान जमायला लागलंय.

आता विचारतो. मला हवंय. काय म्हणाली गं ती? वाईट बोलली असेल तर वाईट सांग. शिव्या दिल्या असतील तर त्या लिही. मधलं काही गाळू नकोस. मला माझ्या बायकोचं शेवटचं बोलणं हवंय.

बाबा


२५ एप्रिल

बाबा,

तुमची सगळी पत्रं मिळाली. विचारलंत म्हणून सांगते. विचारलं नसतंत तर कधीच सांगितलं नसतं, हे मी त्या दिवशी परत येताना बसमध्ये ठरवलं होतं.

तुम्ही गेल्यापासून आईने तुमच्याबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही. शिंपीणबाई तुम्हाला नावं ठेवायला लागल्या की ती त्यांना पडद्याचं माप विचारायची. मला तिचाच राग यायचा. मी म्हणायचे, अगं एकदा तरी बोल. ती म्हणायची, त्यांची वाट वेगळी आहे.

जायच्या आठ दिवस आधी, दुपारी, मी तिचं अंग पुसून काढत होते. पाठ पुसून झाली आणि ती एकदम ओरडली, "मी जा म्हटलं आणि ते गेले गं!" इतक्या जोरात, की शिंपीणबाई मशीन टाकून धावत आल्या. त्यांना वाटलं, कळ आली. कळ नव्हती. ती रागावली होती. आई रागावलेली मी जन्मात पाहिली नव्हती. तोंड लाल झालं होतं. "जा म्हटलं म्हणून काय जायचं असतं का? एवढं कळू नये माणसाला? एवढं बसून बसून?" असं दोनदा म्हणाली. ओला पंचा माझ्या हातातून ओढून तिने भिंतीवर फेकला. फेकायची ताकद नव्हती, तो पलंगावरच पडला. मग खूप रडली. मग म्हणाली, भूक लागली. बऱ्याच दिवसांनी वाटीभर मऊ भात खाल्ला.

खाऊन झाल्यावर मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "हे त्यांना कळवू नकोस. त्यांचं मन ढळेल."

मी कळवलं. ढळू दे.

त्यानंतर ती तुमच्याबद्दल काही बोलली नाही. चांगलंही नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी त्यात काही घालणार नाही.

तुम्ही पत्रात "हो" लिहिलंत, ते मी तीनदा वाचलं. मला वाटलं होतं, ते वाचून मला मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. त्या दिवशी दुकान उघडलं आणि एका माणसाचा चष्मा दुरुस्त करून दिला.

मी तुम्हाला या म्हणत नाही. जा म्हटल्यावर गेलेला माणूस या म्हटल्यावर आला, तर त्यात त्याचं काय? दुकान आता सोमवारी बंद असतं. तेवढं कळवते.

ठकू